पाट्यांच्या जिप्सीला अँटी-रॅप बार: स्वतः उभं राहून कसा करून घ्याल

इंदूरजवळ चोरलकडे उतरणाऱ्या एका कच्च्या वाटेवर दगडांची चढण आहे. लो फर्स्टमध्ये (लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये) क्लच सोडला की माझी जिप्सी तिथे चढायच्या ऐवजी नाचायला लागायची. मागून धड, धड, धड. कोणी घणाने चेसिस ठोकतंय असं वाटायचं. एका रविवारी तिसऱ्या ठोक्यानंतर कोरडा ‘टक’ असा आवाज आला, इंजिन मोकळं पळालं आणि गाडी हळूच मागे यायला लागली. वाकून बघितलं तर प्रॉपेलर शाफ्टचं (इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचं) मागचं टोक मातीत लोळतंय आणि क्रॉसचे, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या वळणाऱ्या सांध्याचे, तुकडे इकडेतिकडे. शाफ्ट सोडवून मागच्या सीटवर ठेवला आणि फक्त पुढच्या चाकांच्या जोरावर महूपर्यंत आलो.

त्यानंतर मी दोन अँटी-रॅप बार, म्हणजे मागच्या पाट्यांना पीळ पडू न देणारे दांडे, केले. पहिला चार रविवार टिकला. दुसऱ्याचे तीन पावसाळे झालेत. पुढची कृती दुसऱ्या बारची आहे, पण पहिल्याच्या चुका मध्येमध्ये येत राहतील, कारण खरी शिकवण तिथेच झाली.

१. आधी रोग ओळखा

पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत मागचं हाउसिंग, म्हणजे दोन चाकांमधला धुऱ्याचा आडवा पोकळ सांगाडा, धरून ठेवायला पाट्यांशिवाय दुसरं काही नसतं. कॉइल स्प्रिंगच्या गाडीला हाउसिंग धरणारे आर्म असतात; इथे पाटाच स्प्रिंग आणि पाटाच आर्म. इंजिन चाकाला पुढे फिरवतं तेव्हा हाउसिंगला उलट फिरायचं असतं, म्हणजे पिनियनचं (हाउसिंगमधल्या, शाफ्ट जोडलेल्या गिअरचं) नाक वर उचललं जातं. पाट्याचा पुढचा अर्धा भाग वर फुगतो, मागचा खाली दबतो, आणि पाटा नागमोडी होतो. चाकाची पकड सुटली की हा पीळ एका झटक्यात उलगडतो. चाक परत पकडतं, परत पीळ भरतो. ती धडधड म्हणजे हेच चक्र. यात क्रॉस तर जातोच, पुढे मेन पाटा तुटतो, कधी पिनियनही.

जिप्सीत कंपनीकडून पाटे हाउसिंगच्या खाली येतात. उंचीसाठी लोक ते वर घेतात आणि इथेच पीळ वाढतो. जमिनीवर चाक जो ढकला देतं तो पाट्यातूनच चेसिसपर्यंत जातो. त्यामुळे टायर जमिनीला टेकतं तिथून पाट्यापर्यंतची उंची हाच तरफेचा हात. पाटे वर गेले की हात लांबतो, मोठे टायर घातले की आणखी लांबतो. माझी गाडी मी घेतली तेव्हाच पाटे वर होते. विकणाऱ्याने सांगितलं, ‘उंच आहे, मस्त दिसते.’ दिसते खरी.

पण प्रत्येक धडधड पिळाची नसते. बार बनवायच्या आधी एवढं बघा:

- यू-बोल्ट (हाउसिंग पाट्याला बांधणारे) ढिले आहेत का. पान्याने एकेक आवळून बघा, नुसतं डोळ्यांनी बघून समजत नाही.
- सेंटर बोल्ट तुटलाय का. तुटला असेल तर हाउसिंग पाट्यावर पुढे-मागे सरकलेलं दिसतं.
- पाट्याच्या डोळ्यातले बुश आणि शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक झुलतं ठेवणाऱ्या कडीचे) बुश. पहार घालून हलवा.
- एखादं पान तडकलंय का. चिखल धुतल्याशिवाय दिसणार नाही.
- इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग.

हे सगळं ठीक असेल तर मोबाइलने चाचणी घ्या. मागच्या चाकांपुढे विटा किंवा दगड लावा, मोबाइल गाडीच्या बाजूला जमिनीवर ठेवून पिनियनकडे रोखा, आणि दुसऱ्या माणसाला लो फर्स्टमध्ये क्लच हळूहळू सोडायला सांगा. तुम्ही बाजूला, लांब. गाडीखाली किंवा चाकासमोर कोणीही नको. माझ्या चित्रफितीत पिनियनचं नाक चांगलं चार बोटं वर गेलेलं दिसलं. बघून पोटात गोळा आला.

२. बारचं काम एकच आहे

अँटी-रॅप बार म्हणजे हाउसिंगला घट्ट बसवलेला आणि पुढे चेसिसपर्यंत गेलेला एक लांब हात. हाउसिंग फिरायला गेलं की बारचं पुढचं टोक वर किंवा खाली जायला बघतं, आणि चेसिस ते जाऊ देत नाही. एवढंच.

पण गाडी चालताना हाउसिंग आणखी तीन गोष्टी करतं, आणि त्या बारने अडवायच्या नसतात. ते वर-खाली जातं. पाटा दबून सरळ झाला की त्याची लांबी वाढते, म्हणून ते थोडं पुढे-मागेही सरकतं. आणि एक चाक दगडावर, दुसरं खड्ड्यात असेल तर ते तिरकं होतं. माझा पहिला बार पुढच्या टोकाला थेट बोल्टने क्रॉस मेंबरला (चेसिसच्या आडव्या दांड्याला) जखडलेला होता. पीळ थांबला, मी खूश. पण गाडी खड्ड्यात दबली की बारला मागे सरकायला जागाच नव्हती. चौथ्या रविवारी क्रॉस मेंबरवरचं ब्रॅकेट पत्र्यासकट उपटून हातात आलं. खरं तर तेच बरं झालं. ते उपटलं नसतं तर हाउसिंगची नळी वाकली असती.

म्हणून पुढच्या टोकाला शॅकल लागतो. पाट्याच्या मागच्या टोकाला असतो तसाच झोका. तो बारला पुढे-मागे जाऊ देतो, वर-खाली नाही. आणि शॅकलला जोडणारा सांधा असा हवा की बार बाजूलाही कलू शकेल. पुढे कुठेही अडलात तर स्वतःला विचारा: मी फक्त पीळ अडवतोय ना?

इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरमध्ये ज्या उस्तादांकडे मी कागदावर काढलेलं चित्र घेऊन गेलो, त्यांनी ते दोन सेकंद बघितलं आणि म्हणाले, “भिया, ये तो टिपर का टॉर्क रॉड हुआ, बस छोटा वाला।” तुम्हीही वर्कशॉपमध्ये ‘अँटी-रॅप बार’ म्हणू नका, कोणी ओळखणार नाही. टॉर्क रॉड म्हणा. मागे दोन हाउसिंग असणाऱ्या ट्रकला तो कंपनीचाच असतो.

३. कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीतला तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. कलम १८२ए मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. काम सुरू करायच्या आधी नायता मुंडल्याच्या आरटीओत आणि विमा कंपनीला लेखी विचारा; तोंडी ‘चलता है’ वर जाऊ नका. बरोबर ठेवा:

- आरसी, विम्याची प्रत, पीयूसी
- बारचं हाताने काढलेलं का होईना, मापांसकट चित्र
- पाइप, प्लेट, बोल्ट यांची पक्की बिलं
- वेल्डिंगच्या आधीचे आणि नंतरचे फोटो

गाडीला १५ वर्षं झाली की आरसीच्या नूतनीकरणासाठी ती तपासणीला न्यावी लागते. तिथे खाली वाकून बघणारा साहेब भेटला तर ही फाइल उपयोगी पडते.

४. मोजमाप: यात एक अख्खा दिवस घालवा

गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर उभी हवी. टाकीत अर्धं पेट्रोल, मागे तुम्ही नेहमी नेता तेवढं सामान. जॅकवर उचललेल्या गाडीची मापं खोटी असतात, कारण पाटे लोंबकळलेले असतात.

आधी पिनियनच्या फ्लँजचा (शाफ्ट जोडायच्या चकतीचा) आणि ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या, मागच्या फ्लँजचा कोन लिहून घ्या. डिजिटल गेज असेल तर छान, नाहीतर मोबाइलमधलं अ‍ॅप चालतं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना साधे क्रॉस असतील तर हे दोन फ्लँज एकमेकांना जवळजवळ समांतर हवेत. नसतील तर आधी ते दुरुस्त करा. वाकड्या कोनावर बार वेल्ड केलात तर तो वाकडेपणा कायमचा झाला.

मग बारचं पुढचं टोक कुठे येईल ते ठरवा. बाजूने बघितलं तर ते ट्रान्सफर केसच्या मागच्या क्रॉसच्या आसपास यावं. तसं असलं की हाउसिंग वर-खाली जाताना पिनियन जवळजवळ शाफ्टच्या रेषेतच कलतं आणि क्रॉसवर ताण कमी येतो. माझ्या गाडीत हे अंतर हाउसिंगच्या मध्यापासून ९० सेंटिमीटर आलं.

लांबीचा दुसरा हिशोबही करून बघा. समजा चढावर मागच्या धुऱ्यावर ८०० किलो वजन आहे आणि कोरड्या खडकावर पकड वजनाच्या नव्वद टक्के. म्हणजे चाकं ७२० किलोच्या जोराने ढकलतात. २९ इंची टायरची त्रिज्या ३७ सेंटिमीटर, त्यावर पाटा ८ सेंटिमीटर, म्हणजे हात ४५ सेंटिमीटरचा. ७२० गुणिले ०.४५ म्हणजे ३२४ किलो-मीटर (किलो गुणिले मीटर) पीळ. बार ९० सेंटिमीटरचा असेल तर पुढच्या टोकावर ३६० किलो जोर येतो. बार ४५ सेंटिमीटरचा केलात तर ७२० किलो. पाट्यांचा वाटा यात धरलेला नाही आणि झटकाही धरलेला नाही. झटक्यासाठी दुप्पट धरा. आखूड बार क्रॉस मेंबर का उपटतो ते यावरून कळेल.

बार कोणत्या बाजूने न्यायचा हे गाडीखाली झोपूनच ठरतं. सायलेन्सर, पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी, प्रॉपेलर शाफ्ट, या सगळ्यांपासून मोकळी जागा हवी, आणि तीही हाउसिंग पूर्ण वर गेलेलं असताना. बार डिफरन्शियलच्या जितका जवळ तितकं बरं. दोन्ही बाजूंना एकेक असे दोन बार लावू नका. दुप्पट मजबुती वाटते, पण मग हाउसिंग तिरकं व्हायला गेलं की दोन बार एकमेकांशी भांडतात आणि गाडीचं एक चाक हवेत राहतं.

शेवटी ओळंबा. क्रॉस मेंबरवरून ओळंबा सोडा आणि हाउसिंगवर खडूने खूण करा. मग गाडी जॅकने चेसिसला धरून उचला, पाटे पूर्ण लोंबू द्या, परत खूण करा. हाउसिंग किती सरकलं ते दिसेल. माझ्याकडे अडीच सेंटिमीटर आलं. शॅकलची लांबी यावरून ठरते.

५. सामान

इंदुरात हे सगळं एका दिवसात मिळतं. पाइप आणि प्लेट लोहामंडीत, बोल्ट सियागंजात, टॉर्क रॉडचा बुश ट्रान्सपोर्ट नगरात, लेथचं काम सांवेर रोडला. सकाळी पोहे खाऊन निघा, कारण मधे जेवायला वेळ मिळत नाही.

- खालच्या नळीसाठी सव्वा इंच एनबी (पाइपचं नाममात्र माप), शेड्युल ८० (जाडीचा वर्ग) सीमलेस पाइप, एक मीटर
- वरच्या नळीसाठी एक इंच एनबी, शेड्युल ८० सीमलेस पाइप, एक मीटर
- नव्या क्रॉस मेंबरसाठी सव्वा इंचीच पाइप, चेसिसच्या रुंदीइतका
- ब्रॅकेटसाठी ६ मिमी प्लेट, शॅकलसाठी ८ मिमी
- १४ मिमी बोल्ट, ग्रेड १०.९, नायलॉक नटांसह
- मागच्या दोन सांध्यांसाठी रबर किंवा पॉलीचे बुश, आणि ते बसतील अशा लेथवर केलेल्या स्लीव्ह
- पुढच्या सांध्यासाठी टॉर्क रॉडचा गोल बुश किंवा रॉड एंड (आत गोळी असलेला, सगळीकडे वळणारा लोखंडी सांधा)
- ई-७०१८ इलेक्ट्रोड, ३.१५ मिमी, बंद पाकीट

नवख्यांची पहिली फसगत पाइपच्या मापात होते. सव्वा इंच एनबी म्हणजे बाहेरून सव्वा इंच नव्हे. त्याचा बाहेरचा व्यास ४२.२ मिमी आणि शेड्युल ८० मध्ये जाडी ४.८५ मिमी. एक इंच एनबी बाहेरून ३३.४ मिमी, जाडी ४.५५. दुकानात व्हर्नियर घेऊन जा. वजनानेही ओळखता येतो: सव्वा इंची शेड्युल ८० मीटरला साधारण साडेचार किलो भरतो. हलका लागला तर शेड्युल ४० आहे.

दुसरी फसगत जीआय पाइपची. स्वस्त असतो, हाताशी असतो. त्यावरचं जस्त वेल्डिंगमध्ये जळून धूर होतो, तो छातीत जातो आणि रात्री ताप भरतो. वेल्डही भुसभुशीत येतो. घरच्या नळाला तो ठीक आहे.

बोल्ट घेताना नुसता ग्रेड बघू नका, बिन-आट्यांचा भागही बघा. दोन्ही प्लेटमधून गुळगुळीत दांडा जायला हवा. आटे प्लेटच्या भोकात आले की ते भोक करवतीसारखं मोठं करतात.

रॉड एंड की टॉर्क रॉडचा बुश? रॉड एंड हलका, देखणा, सगळीकडे कलणारा. पण माळव्याची काळी माती पावसात कणकेसारखी चिकटते आणि वाळली की सिमेंट होते. माझ्या एका मित्राचा रॉड एंड एका पावसाळ्यात खुळखुळ्यासारखा वाजायला लागला. मी टॉर्क रॉडचा रबर-लोखंडाचा बुश लावला. जड आहे, जागा जास्त खातो, पण गप्प आहे.

हत्यारांत अँगल ग्राइंडर, गुण्या, ओळंबा, व्हर्नियर, टॉर्क पाना, दोन जॅक आणि चार भक्कम घोडे (जॅक स्टँड). विटांवर गाडी उभी करून खाली झोपणारे मी बघितलेत. करू नका.

६. हाउसिंगकडचं टोक

इथे दोन नळ्या का, एक का नाही? माझ्या पहिल्या बारला एकच होती. ब्रॅकेट उपटायच्या आधीच ती केळ्यासारखी वाकायला लागली होती, मला वाटत होतं की डोळ्यांचा भास आहे. हिशोब केला असता तर कळलं असतं. ३२४ किलो-मीटरचा पीळ एकट्या सव्वा इंची नळीला वाकवायला लागला तर तिच्यावर येणारा ताण त्या पोलादाच्या सहनशक्तीच्या अडीच पटींहून जास्त होतो. तेच एक नळी हाउसिंगच्या वर, एक खाली, मधे २० सेंटिमीटर अंतर, आणि पुढे दोन्ही एकत्र, असा लांबट त्रिकोण केला की नळ्यांना वाकावंच लागत नाही. एक ताणली जाते, दुसरी दाबली जाते, आणि ताण सहनशक्तीच्या सहाव्या ते आठव्या हिश्शाच्या आसपास राहतो. मधे दोन-तीन आडवे तुकडे टाका. माडीवरच्या लोखंडी जिन्याची बाजू आठवा.

पुठ्ठ्याचा साचा आधी कापा. हाउसिंगच्या नळीवर नीट बसेपर्यंत कात्रीने छाटत राहा. मग तो साचा ६ मिमी प्लेटवर उतरवा आणि दोन जुळ्या प्लेट कापून घ्या. त्यांच्यामध्ये बुशची स्लीव्ह बसेल. वर एक सांधा, खाली एक. दोन्ही बोल्टवर निघतील असेच ठेवा. बार कायमचा वेल्ड केलात तर पुढे हाउसिंग उतरवताना स्वतःलाच शिव्या द्याल.

खालचा सांधा हाउसिंगच्या पोटाच्या खाली जाऊ देऊ नका. दगडाला पहिलं तेच लागेल.

जिप्सीचं हाउसिंग दाबलेल्या पोलादी पत्र्याचं आहे, त्यावर वेल्ड होतो. जुन्या जीपमध्ये डिफरन्शियलचा मधला गोळा ओतीव असतो. त्यावर वेल्ड मारू नका, तडा जातो. तिथे ब्रॅकेट फक्त बाजूच्या नळीवर.

७. चेसिसकडचं टोक आणि शॅकल

कंपनीचा क्रॉस मेंबर पातळ पत्र्याचा असतो. तो गिअरबॉक्स धरायला आहे, ७०० किलोचा झटका खायला नाही. त्यामुळे नवा आडवा पाइप टाका, चेसिसच्या एका बाजूच्या लांब दांड्यापासून दुसऱ्या बाजूच्या दांड्यापर्यंत. दोन्ही टोकांना ६ मिमी प्लेट, आणि ती चेसिसच्या उभ्या बाजूला बोल्टने. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका; सगळा ताण तिथेच असतो. भोक पडलेल्या जागी आतून नळीचा तुकडा घाला, म्हणजे बोल्ट आवळताना चेसिसची पेटी चेपणार नाही.

शॅकल मध्यापासून मध्यापर्यंत ८ ते १० सेंटिमीटर. गाडी नेहमीच्या उंचीवर असताना शॅकल आणि बार यांच्यात काटकोन हवा. तिथून तो दोन्हीकडे सारखा झुलतो. माझ्या अडीच सेंटिमीटरच्या सरकण्याला नऊचा शॅकल पुरला.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. वरून लटकणाऱ्या शॅकलला गाडी जोर लावताना बार खालून वर ढकलतो, म्हणजे शॅकल दाबात येतो. दोन सुट्या पट्ट्या असतील तर त्या आडव्या झुकतात. पट्ट्यांच्या मधोमध एक आडवा तुकडा वेल्ड करून त्याचा ‘एच’ करा. पाच मिनिटांचं काम आहे.

८. टाके, तपासणी, मग वेल्डिंग

याच क्रमाने. वेल्डरला घाई असते. ‘एक बार में पूरा मार देता हूँ’ म्हणेल. नाही म्हणा.

गाडी चाकांवर, नेहमीच्या उंचीवर. बुश आणि बोल्ट बसवलेले. सगळीकडे नुसते टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके. आता चेसिसखाली घोडे लावा, हाउसिंग जॅकवर घ्या आणि दोन्ही टोकं बघा: पाटे पूर्ण लोंबलेले, मग बंप स्टॉपला (चेसिसखालच्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत दाबलेले. मग एक चाक वर, एक खाली. प्रत्येक वेळी शॅकल कुठे जातो ते बघा. तो बारच्या रेषेत सरळ झाला किंवा पलीकडे उलटला तर जागा चुकली. बार शाफ्टला, सायलेन्सरला, ब्रेकच्या नळीला कुठे टेकतो का? माझा बार उजवं चाक वर गेल्यावर हँडब्रेकच्या केबलला घासत होता. टाके तोडून दोन सेंटिमीटर सरकवला. पूर्ण वेल्ड केला असता तर ग्राइंडरने अर्धा दिवस गेला असता.

सगळं मोकळं फिरतंय याची खात्री झाली की रबरी बुश काढा, नाहीतर वेल्डच्या उष्णतेने वितळतील. मग:

- बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा.
- अर्थचा चिमटा वेल्ड करायच्या तुकड्यालाच लावा. तो चाकाला लावलात तर करंट बेअरिंगमधून जाईल आणि बेअरिंग खाईल.
- पेट्रोलची नळी बाजूला घ्या, जवळ पाण्याची बादली आणि अग्निशामक ठेवा.
- रंग, तेल, गंज पूर्ण घासून पांढरं लोखंड उघडं करा.
- इलेक्ट्रोड कोरडे हवेत. पावसाळ्यात उघड्या पाकिटातले ७०१८ भट्टीत तापवल्याशिवाय वापरू नका, वेल्डमध्ये तडे येतात.

हाउसिंगवर एका जागी लांब वेल्ड मारत जाऊ नका. नळी तापून केळ्यासारखी वळते आणि आतल्या शाफ्टचं तेलसील गळायला लागतं. अडीच-तीन सेंटिमीटर इथे, मग दुसऱ्या टोकाला, मग हात लागेल इतकं निवू द्या. वेल्डर चहाला गेला तर जाऊ द्या. पाणी ओतून थंड करू देऊ नका.

निवल्यावर डीपी टेस्ट, म्हणजे रंगाने तडे शोधायची चाचणी, करा. लाल फवारा मारा, दहा मिनिटं थांबा, पुसा, मग पांढरा फवारा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. माझ्या वरच्या ब्रॅकेटला नखाएवढी एक रेघ उमटली होती; नुसत्या डोळ्यांना तो वेल्ड अगदी सुंदर दिसत होता. घासून परत मारला.

रंग त्यानंतर. बुश बसवा, आणि त्यांचे बोल्ट गाडी जमिनीवर चाकांवर असतानाच शेवटचे आवळा. लोंबत्या स्थितीत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

९. पहिली फेरी

लगेच दगडांवर जाऊ नका. आधी विटांची तीच मोबाइल चाचणी परत घ्या. माझ्या दुसऱ्या चित्रफितीत पिनियनचं नाक जेमतेम बोटभर हललं. ते हलणं बुशच्या रबराचं आहे, चालतं. मग ५० किलोमीटर साधा रस्ता, मोकळ्या जागी दोन-चार जोरदार ब्रेक, कारण ब्रेक मारताना हाउसिंग उलट्या दिशेने पिळतं आणि बारला तेव्हाही काम असतं. परत आल्यावर यू-बोल्ट, बारचे बोल्ट आणि क्रॉस मेंबरचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा. प्रत्येक नटावर खडूची रेघ मारून ठेवा, सरकला तर लगेच दिसतो.

रस्त्यावर कुठे घरघर येत असेल तर ती बहुतेक शाफ्टचा कोन चुकल्याची असते. बार काढून एकदा चालवा. तरीही येत असेल तर दोष आधीपासूनचा आहे.

दर पावसाळ्यानंतर पुढचा बुश काढून बघतो. मध्ये काळी माती घट्ट बसलेली असते, ती स्क्रू ड्रायव्हरने खरवडावी लागते. शॅकलच्या वरच्या बोल्टला मी लेथवाल्याकडून ग्रीस निप्पल करून घेतलंय. महिन्यातून एकदा दोन पंप.

पुढच्या हाउसिंगला बार नाही. त्यामुळे जानापावच्या बाजूला कधी रिव्हर्समध्ये वर यावं लागलं की आता पुढून धडधड येते. तिथे पाय हलका ठेवतो, आणि टिपरवाल्या उस्तादांना पुढच्या सायलेन्सरभोवती मार्ग काढायचा आहे, म्हणून दिवाळीनंतरची तारीख घेतली आहे.